राहीबाईचे खाडे

राहीबाईने कारकुनाकडे स्वतःचे खाडे मागितले तेव्हा तलावाच्या भिंतीवर दुपारची सुट्टी झाली होती. बाया पाट्या पालथ्या घालून त्यांच्यावर बसल्या होत्या. सरकारी सुकडीच्या खाऊचं वाटप नुकतंच आटोपलं होतं आणि बहुतेकींनी आपला वाटा पोरांसाठी पदरात बांधून ठेवला होता. राहीबाईने स्वतःचा खाल्ला होता.

कारकून शामकांत नगरचा, चोवीस वर्षांचा. बहात्तरच्या दुष्काळात पाथर्डी तालुक्यातल्या या पाझर तलावाच्या कामावर त्याची नेमणूक होऊन पाच महिने झाले होते. चार बांबूंवर टाकलेल्या तट्ट्याखाली तो पत्र्याच्या पेटीवर बसून जेवत होता. त्याच पेटीत हजेरीपट असत.

"भाऊसाहेब, माझे खाडे लिवून देता का? काम सुरू झाल्यापासनंचे."

"का? चुकून लागलाय का एखादा?"

"न्हाई. दवाखान्यात दाखवायचेत."

"खाडे?"

शेजारी मुकादम गोरक्षनाथ काडीने दात कोरत बसला होता. तो म्हणाला, "द्या की लिवून. लोकं हजेरी मागत्यात, ही खाडे मागती. नगराला बक्षीस मिळत आसंल."

राहीबाई जमिनीकडे बघत उभी राहिली. शामकांतला उशिरा उमगलं. त्याने डबा बाजूला सारला आणि पेटी उघडली.

या कामावर मातीची पाटी खाणीपासून भिंतीच्या माथ्यापर्यंत हातोहात जात असे. भिंतीच्या टोकाला देवीचं ठाणं होतं. काम सुरू झालं त्याच आठवड्यात बायांनी आपापसात ठरवलं होतं की, बाहेरची असेल तिने पाटीला हात लावायचा नाही. त्यामुळे दर महिन्याला प्रत्येकीचे तीन-चार खाडे पडत. त्यावर कोणी बोलत नसे. शामकांतलाही दुसऱ्या महिन्यात ते कळलं होतं आणि तोही बोलत नव्हता.

लिहिताना मोठ्याने वाचायची त्याला सवय होती. कोऱ्या फॉर्मच्या पाठीवर तो लिहू लागला. "बारा नोव्हेंबर ते पंधरा, चार. सतरा डिसेंबर ते एकोणीस, तीन. वीस जानेवारी, एकवीस, दोन. सतरा फेब्रुवारी ते वीस, चार. सतरा मार्च ते वीस, चार."

"आवो भाऊसाहेब," पाटीवर बसलेली छबूबाई ओरडली, "हळू तरी वाचा. पोथी लावली काय?"

बाया हसल्या. शामकांतचे कान लाल झाले. त्याने कागदाची घडी घालून राहीबाईच्या ओंजळीत टाकली. तिने ती चोळीत खोचली आणि पाटी उचलून रांगेत गेली. हसण्यात तीही थोडी सामील झाली होती. न होऊन चालण्यासारखं नव्हतं.

*

राहीबाईच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती. पंधराव्या वर्षी ती या घरात आली. घरात नवरा गहिनीनाथ, सासू गोजरबाई आणि सात एकर कोरडवाहू जमीन. यंदा बाजरी वीतभर वाढून करपली आणि रब्बी पेरलीच नाही. पौषात बैलजोडी घोडेगावच्या बाजारात गेली. काम सुरू झाल्यापासूनच तिघंही तलावावर होती. गहिनीनाथ खाणीत टिकाव मारी, राहीबाई रांगेत पाट्या देई. गोजरबाईला उन्हात चक्कर येऊ लागल्यापासून ती झाडाखाली लोकांची लेकरं सांभाळी.

लोकांची लेकरं सांभाळून गोजरबाई संध्याकाळी घरी येई, ती जास्तच चिडलेली असे.

फाल्गुनात तिने एक स्थळ काढलं. डोंगराकडच्या वस्तीवरचा सूर्यभान नावाचा माणूस होता. त्याची धाकटी मुलगी भीमा सतरा वर्षांची. घरातलं एक तोंड कमी होईल म्हणून सूर्यभान बिजवराला द्यायला तयार होता, पहिली नांदती असली तरी. दुसरं लग्न कायद्यात बसत नाही हे गावाला माहीत होतं. आणि मूल नसलेल्या माणसाविरुद्ध तक्रार करायला कोणी जात नाही, हेही माहीत होतं. वैशाखातला मुहूर्त बघायचा, एवढंच राहिलं होतं.

राहीबाई भांडली नाही. तिने एका संध्याकाळी नवऱ्याला भाकरी वाढताना म्हटलं, "एकदा नगरच्या डाक्टरीनबाईला दाखवा मला. मग तुमाला काय करायचं ते करा."

"अकरा वर्सं देवरुशी झालं, जडीबुटी झाली," गोजरबाई चुलीपासून म्हणाली.

"डाक्टर न्हाई झाला."

गहिनीनाथने रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरीचा तुकडा मोडला. ही भाकरी चावताना त्याचा जबडा दुखे. "एकदा," तो म्हणाला.

नगरला बायांच्या दवाखान्यात डॉक्टर विजयाबाई होत्या. चाळिशी उलटलेल्या, आवाज बसका. बाहेरच्या बाकावर पन्नास बाया असायच्या, म्हणून त्या मोजकं बोलत. पहिल्या भेटीत त्यांनी राहीबाईला तपासलं, मग गहिनीनाथला आत बोलावलं.

"मूल न होण्याचं कारण एक नसतं," त्या म्हणाल्या. "बाईच्या नळ्या बंद असतात. बीज तयार होत नाही. पिशवीच्या आतल्या अस्तराला आजार असतो. आणि दोष पुरुषाच्या धातूतही असतो. पुष्कळदा असतो. तुमची तपासणी सोपी आहे, म्हणून आधी तुमची."

"माझी?" गहिनीनाथ म्हणाला.

"तुमची. त्याशिवाय मी हिला टेबलावर घेणार नाही."

तो उठून बाहेर गेला आणि चहाच्या टपरीवर जाऊन बसला.

विजयाबाईंनी राहीबाईला पाळीच्या तारखा विचारल्या. पिशवीच्या अस्तराचा तुकडा काढून पुण्याला तपासायला पाठवायचा होता. तो पाळीच्या दोन-तीन दिवस आधी काढला तर नीट कळतं. त्यासाठी मागच्या पाच-सहा तारखा हव्या होत्या.

"तारीख न्हाई सांगता येत, बाई."

"कुठेच लिहिलेलं नसतं?"

राहीबाईने जरा विचार केला. "लिवलेलं हाय," ती म्हणाली. "हजेरीत."

*

दोन एप्रिलला, सोमवारी, दोघं पुन्हा गेली. करंजीचा घाट उतरेपर्यंत एसटीत गहिनीनाथ समोरच्या सीटचा दांडा धरून बसला होता. दवाखान्यात शिरल्यावर कंपाउंडरने त्याच्या हातात झाकणाची काचेची बाटली दिली आणि बोळाच्या टोकाचा संडास दाखवला. बोळात बाया बसल्या होत्या. त्यांच्या पुढून तो बाटली धोतराच्या सोग्यात झाकून गेला आणि बऱ्याच वेळाने तशीच झाकून परत आला. कंपाउंडरने बाटली उजेडाकडे धरून नाव विचारलं, मोठ्याने. गहिनीनाथने ते हळू सांगितलं, तेव्हा पुन्हा विचारलं.

आत विजयाबाईंनी शामकांतचा कागद टेबलावर पसरला होता. भिंतीवरचं कॅलेंडर काढून त्यांनी शेजारी ठेवलं आणि पेन्सिलीने खुणा केल्या.

"नोव्हेंबरात चार दिवस. मग पस्तीस दिवसांनी तीन. मग चौतीस दिवसांनी दोन," त्या म्हणाल्या. "पाळी लांबते आहे आणि अंगावरून जाणं कमी होतंय. बरोबर?"

"व्हय."

"मग फेब्रुवारीत एकदम चार दिवस. मार्चमध्ये चार. दोन्ही वेळा बरोबर अठ्ठावीस दिवसांनी. दोन्ही वेळा शनिवार." त्यांनी चष्मा काढला. "शुक्रवारी तुमच्याकडे काय असतं?"

"बाजार. कामाला सुट्टी आसती."

"म्हणजे बाजाराच्या दुसऱ्या दिवशी."

राहीबाईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. दार उघडून गहिनीनाथ आत आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. त्याला बाहेर जायला सांगावं का, असं बाईंनी नजरेने विचारलं. राहीबाईने मान हलवली.

"शेवटच्या दोन येळंला काय आलंच न्हाई," ती म्हणाली. "मी नुसतीच बसले."

"कोणी बस म्हटलं?"

"कोनी न्हाई. चार बाजार मोजायचे आन् बसायचं. न्हाई बसलं तर घरात कळतं."

"कळलं तर काय?"

"आशा लागती," राहीबाई म्हणाली.

विजयाबाईंनी पेन्सिल उचलली. मग त्यांनी कागदावरच्या शेवटच्या दोन ओळी खोडल्या. "हे सांगितलं नसतंस तर मी चुकीच्या दिवसाची वाट बघत बसले असते," त्या म्हणाल्या. "आणि चुकीचा आजार शोधला असता." मग त्या भराभर विचारू लागल्या. संध्याकाळी अंग मोडून येतं का? येतं. कणकण? कधी कधी. ओटीपोटात दुखतं? ते पहिल्यापासूनच. वजन उतरलं? यंदा सगळ्यांचंच उतरलंय.

"घरात कुणाला जुना खोकला होता? क्षय?"

राहीबाईने नवऱ्याकडे पाहिलं. उत्तर त्यानेच दिलं. "वडलांना हुता."

वडील म्हणजे सहादेव. राहीबाई लग्न होऊन आली तेव्हा तो पडवीत बाजेवर असायचा. नंतर दोन वर्षं जगला. बाजेखाली राख घातलेलं गाडगं असे, त्यात तो थुंकत असे.

"ते कोण साफ करायचं?"

"मीच," राहीबाई म्हणाली. "नवी सून हुते ना."

"आणि रात्री झोपायचीस कुठे?"

"पडवीतच. त्यांला पानी द्यायला."

बाईंनी लिहून घेतलं. दिवस गेलेले नाहीत याची खात्री करून घेतली आणि राहीबाईला त्या दिवशी दवाखान्यातच ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भूल न देता अस्तर खरवडलं. नर्सने तिचे दोन्ही हात धरले होते. नंतर राहीबाई म्हणाली की पाटीतला दगड पायावर पडला होता तेव्हा याहून जास्त दुखलं होतं. ते खरं नव्हतं. छातीचा फोटोही काढला. तो आणि बाटलीतला अस्तराचा तुकडा पुण्याला जायचा होता. निकालाला तीन आठवडे.

परतीच्या एसटीत बसायला जागा मिळाली. घाट चढताना गहिनीनाथने विचारलं, "दोनदा खोटं बसलीस?"

"व्हय."

"आन् मी दुनीबी येळंला तुला लांबनं भाकरी दिली."

"दिली."

"मला तरी सांगायचं."

राहीबाई खिडकीबाहेर बघत होती. डोंगरावर एकही हिरवं पान नव्हतं. "लगीन झाल्यावर तिसऱ्या वर्सी दीड महिना मागं पडला हुता मला. आठवतं? आत्याबाईंनी गावात साखर वाटली. मग आलं. तवापास्नं आत्याबाई चार महिने बोलल्या न्हाईत माझ्यासंगं. म्हनायच्या, हिनं फशिवलं."

गहिनीनाथला आठवत होतं. त्याने आपल्या हातावरच्या फोडाचं सालपट काढलं आणि गाव येईपर्यंत तो दुसऱ्या हाताकडे वळला होता.

*

चौदा एप्रिलला शनिवार होता. निकाल आलेला नव्हता. चार बाजार पुरे झाले होते आणि राहीबाई उठून भिंतीकडेच्या पोत्यावर जाऊन बसली. पाणी भरलं नाही, चुलीपाशी गेली नाही. गोजरबाईने तिच्याकडे बघून तोंड वाकडं केलं. दर महिन्याला करायची तसंच.

कामावर जाण्याआधी गहिनीनाथने भाकरी आणि मिरचीचा ठेचा पानावर घेतला आणि हातभर लांबून तिच्यापुढे ठेवला. तांब्यातून तिच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं. तिला शिवला नाही. तिला काही झालेलं नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. गोजरबाई दारात उभी होती. पाणी थोडं जास्त पडलं आणि राहीबाईच्या कोपरावरून ओघळलं. यंदा एवढं पाणी सांडलं तर गोजरबाई शिव्या देई. त्या दिवशी तिने पाहिलं नाही, किंवा पाहून सोडून दिलं.

मधल्या काळात सूर्यभान दोनदा येऊन गेला. दुसऱ्यांदा भीमालाही बरोबर आणली होती. पोरगी काटकुळी होती आणि उंबऱ्यापाशी बसून बोटाने जमिनीवर रेघा ओढत होती. राहीबाईनेच तिला गुळाचा खडा दिला. पोरीने तो खाल्ला नाही, ओच्यात ठेवला.

"खा की."

"धाकट्याला नेते."

पडवीत गोजरबाई सूर्यभानला सांगत होती, "नगरचा कागद यिऊ द्या. मग तारीख काढू. कागद काय येनार ते मला ठावंच हाय."

*

कागद चोवीस तारखेला आला. विजयाबाईंनी दोघांनाही समोर बसवलं.

"तुमच्यात दोष नाही," त्या आधी गहिनीनाथला म्हणाल्या. मग त्या राहीबाईकडे वळल्या. "तुझ्या पिशवीत क्षय आहे. गर्भाशयात आणि बहुधा नळ्यांतही. छाती साफ आहे, कधीतरी जंतू छातीतून खाली उतरला असणार. तो फार हळू काम करतो. बाईला खोकला नसतो, ताप जाणवेलसा नसतो. मूल होत नाही आणि पुढे पाळी जाते, एवढंच दिसतं."

"हे सासऱ्याचं?" राहीबाईने विचारलं.

"नक्की सांगता येत नाही. लहानपणी माहेरीही लागू शकतो. पण दोन वर्षं त्यांच्याजवळ होतीस, असं तूच म्हणालीस."

"औषध घेतलं तर मूल हुईल?"

बाहेर बाकावरच्या बाया बोलत होत्या. विजयाबाईंनी दार लोटून घेतलं. "जंतू मरेल," त्या म्हणाल्या. "नव्वद इंजेक्शनं रोज एक, आणि गोळ्या दीड वर्ष. एक दिवस चुकवायचा नाही. औषध घेतलं नाहीस तर ते अंगात पसरेल. पण पिशवीचं जे झालंय ते भरून येईल असं मला वाटत नाही. मुलाची आशा मी तुला दाखवणार नाही."

राहीबाईने मान डोलावली. गावातली बाई मेल्याची खबर ऐकल्यावर डोलावतात तशी.

"आणि घरात आणखी कोण आहे?"

"आई," गहिनीनाथ म्हणाला.

"तिच्याही छातीचा फोटो काढा. तुमचाही. आणि ते होईपर्यंत घरात लहान मूल किंवा नवीन माणूस राहायला आणू नका."

*

गोजरबाई अंगणात सुपात मिलो पाखडत होती. गहिनीनाथ समोर उकिडवा बसला आणि त्याने एका दमात सगळं सांगितलं. राहीबाई दाराच्या आत उभी होती.

सूप थांबलं नाही. "म्हंजी माझ्या घरानं दिला म्हन की तिला," गोजरबाई म्हणाली.

"तसं कोनी म्हनलं न्हाई. नक्की सांगता येत न्हाई म्हनली बाई."

"तुला बाटलीत धरायला लावलं, आन् दोष न्हाई म्हनली. मग अडलं काय? सूर्यभान परवा यितोय."

"त्याला न्हाई म्हनून सांगनार हाय."

सूप आता थांबलं. "गहिन्या, वंश बुडवतो काय?"

"हिचं औषध संपंपर्यंत, दीड वरीस, ह्या घरात कोनी नवं यायचं न्हाई. ती पोर आनून पडवीत निजवायची का? मग तिचीबी पिशवी वाळवायची?"

"दीड वर्सानं?"

"दीड वर्सानं बघू."

राहीबाईने तो शब्द आतून ऐकला. बघू. आपल्या बाजूने बोललेला माणूसही एवढंच बोलला होता. तिने चुलीवरचं भांडं खाली उतरवलं, पुन्हा चढवलं.

बराच वेळ मिलोचे खडे सुपात वाजत राहिले. मग गोजरबाई कुणालाच उद्देशून नसल्यासारखी म्हणाली, "गाडगं माझं हुतं उचलायचं. नवरा माझा हुता. मला शिसारी यायची. हिला म्हनलं, तू उचल." तिने सुपातली खड्यांची मूठ अंगणात फेकली. "पंधरा वर्सांची हुती. काय न बोलता उचलायची."

गोजरबाईने पुढची मूठ सुपात घेतली.

*

सरकारी दवाखाना दीड कोसावर होता. राहीबाई रोज पहाटे चालत जाई, कमरेत इंजेक्शन घेई आणि परस्पर कामावर येई. दहा दिवसांत कमरेच्या दोन्ही बाजूंना गाठी झाल्या. पाटी कमरेला टेकवता येईना, म्हणून रांगेतली तिची जागा बदलून छबूबाईने तिला उताराला घेतलं, तिथे पाटी हातावरच पुढे जाई. गोळ्यांनी मळमळ होई. बाया एकमेकींकडे बघत आणि छबूबाई त्यांच्यावर ओरडे, "बघता काय? औषधाची ओकारी हाय ती. पाटी घ्या."

तिला पोचायला अर्धा तास उशीर होई. शामकांतने कोणाला न सांगता तिचं नाव हजेरीत शेवटी घ्यायला सुरुवात केली. गोरक्षनाथने एकदा विचारलं, "हिचं नाव शेपटाला का?" शामकांत म्हणाला, "माझ्या लिहिण्याची पद्धत." मुकादमाने जास्त विचारलं नाही.

बारा मेला शनिवार होता. आदल्या दिवशी चौथा बाजार झाला होता. राहीबाई अंधारात उठली. भिंतीकडेचं पोतं उचलून तिने झटकलं, घडी घालून उतरंडीमागे ठेवलं आणि पिण्याच्या पाण्याच्या माठात तांब्या घातला.

गोजरबाई अंथरुणात उठून बसली होती. तिची नजर माठावर होती, मग सुनेच्या पोटावर गेली. अकरा वर्षांची सवय होती.

"आज बसायची न्हाईस?"

"न्हाई."

"मग..."

"तसं काय न्हाई, आत्याबाई," राहीबाई म्हणाली. "येतच न्हाई मला. पौषापास्नं आली न्हाई. मागच्या तीन डाव नुसतीच बसले हुते. आता न्हाई बसनार."

गोजरबाईने पदर तोंडाशी धरला आणि खोकली. कोरडा खोकला होता, उन्हाळ्यात धुरळ्याने सगळ्यांनाच येतो तसला. दोघी तो संपेपर्यंत थांबल्या.

"सोमवारी तुमाला नगराला न्यायचं म्हनत्यात," राहीबाई म्हणाली. "फोटो काढायला."

"मला काय झालंय?"

"ते बघायलाच."

गोजरबाईने हात पुढे केला. राहीबाईने तांब्या तिच्या हातात दिला, ती पिईपर्यंत उभी राहिली आणि मग दवाखान्याच्या वाटेला लागली.

तलावावर पोचली तेव्हा ऊन भिंतीवर आलं होतं आणि रांग लागली होती. शामकांत यादीच्या शेवटी आला. त्याची पेन्सिल रकान्यावर अडली. मागच्या तीन महिन्यांतले खाडे त्याला पाठ होते. कागद त्यानेच लिहून दिला होता. त्याने मान वर केली नाही.

"राहीबाई गहिनीनाथ."

"हजर," राहीबाई म्हणाली, आणि समोरून आलेली पाटी तिने दोन्ही हातांनी घेतली.